ड्रममधले ठोकळे

गोदामाचा स्लॅब भरून झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून पाण्याचे टँकर तिनाचे एक झाले. उन्हाळा चढला होता. विहिरीत बादली सोडली तर ती खडकावर आपटून रिकामीच वर येत होती. टँकर सकाळी यायचा, साइटच्या टाकीत अर्धामुर्धा रिता व्हायचा आणि धूळ उडवत निघून जायचा. तेवढ्या पाण्यात चाळीस माणसांचं पिणं, भांडी, माल कालवणं, आणि राहिलंच तर स्लॅबला.

राहत नव्हतं.

स्लॅबवर मालाचे बारीक वरंबे घालून वाफे पाडले होते. त्यात बोटभर पाणी चौदा दिवस उभं राहायला हवं. पहिल्या दिवशी सगळे वाफे भरले. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी एक चिमणी येऊन बसली, चोच मारून पाहिली आणि उडून गेली. ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये मात्र तिन्ही दिवशी 'पाणी भरले' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

साइटवर काठोकाठ भरलेली वस्तू एकच होती. पत्र्याच्या ऑफिसमागचा निळा ड्रम. त्यात सिमेंटचे नऊ ठोकळे बुडवून ठेवले होते. वीतभराहून थोडे लहान, सगळीकडून सारखे. स्लॅब भरताना त्याच मालातून साच्यात काढलेले. सातव्या दिवशी त्यातले तीन आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे प्रयोगशाळेत न्यायचे, यंत्रात दाबून फोडायचे. ते टिकले की कागदावर गोदाम टिकलं. ड्रमला कुलूप होतं आणि किल्ली पोरीकडे होती.

पोरगी म्हणजे सेंट्रिंगच्या, ओल्या स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणाऱ्या, मिस्त्रीची थोरली. बांधकाम व्यवस्थापनाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. या वर्गाला उन्हाळ्यात सहा आठवडे साइटवर राहावं लागतं, रोज वही लिहावी लागते, आणि शेवटी साइटच्या इंजिनिअरची प्रमाणपत्रावर सही लागते. सही नाही तर चौथं वर्ष नाही. बापाने ओळखीच्या साइटवर, म्हणजे स्वतःच्याच साइटवर, तिची सोय लावून दिली होती. आई तिथेच घमेली वाहायची. पहिल्या दिवशी पोरगी पांढरं हेल्मेट घालून आली तेव्हा बायका घमेली खाली ठेवून हसल्या. तेव्हापासून तिचं नाव 'मॅनेजर' पडलं. आईसुद्धा कधी कधी त्याच नावाने हाक मारायची, पण ती हसायची नाही.

इंजिनिअर साहेबांनी तिला पहिल्या आठवड्यात दोन कामं दिली होती आणि पाचव्या आठवड्यात, स्लॅब भरल्यावर, तिसरं दिलं. चहा सांगणं, आलेल्या गोण्या मोजणं आणि ठोकळ्यांच्या ड्रममध्ये रोज दोन बादल्या ताजं पाणी घालणं.

"हेच खरं मॅनेजमेंट, मॅडम," साहेब म्हणाले. "पुस्तकात नाही मिळणार."

स्लॅब भरल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी ती दुसरी बादली ड्रमकडे घेऊन चालली होती. आई आडवी आली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत सिमेंटने कातडी खाल्ली होती, लाल दिसत होतं.

"अर्धा मग दे गं. हात धुते. आग होतेय."

पोरीने बादली या हातातून त्या हातात घेतली. "टाकीवर जा ना."

"टाकीवर मुकादम उभा आहे. प्यायलाच मोजून देतोय."

"हे ठोकळ्यांचं आहे, आई. कमी झालं तर मला विचारतात."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग ड्रमकडे पाहिलं. मागे वाळू चाळत बसलेल्या, सगळ्या साइटच्या मावशीने सगळं ऐकलं होतं.

"बरोबर आहे बाई तिचं," मावशी म्हणाली. "ठोकळ्यांना तहान लागते. आपलं काय, आपण थुंकी गिळू."

बायका हसल्या. आईने हात पदराला पुसले आणि घमेलं डोक्यावर घेतलं. पोरीने कुलूप काढून बादली ओतली. पाणी काठावरून सांडलं आणि मातीत जिरलं. तिने ते पाहिलं, मावशीनेही पाहिलं.

संध्याकाळी घराच्या ओट्यावर बाप पाय धुण्यापुरतं पाणी तांब्यात घेऊन बसला होता. खोबरेल तेलाची बाटली आईच्या पुढ्यात होती. पोरगी वही लिहीत होती.

"काय लिहिलंस आज?" बापाने विचारलं.

"स्लॅबला पाणी नाही, असं लिहिलंय."

"त्याला काय होतंय? ऊन बघ किती आहे. चार दिवसांत खडखडीत."

"बाबा, खडखडीत म्हणजे पक्कं नाही."

"मग काय मऊ असतं ते पक्कं?" बाप हसला. "वीट कशी होते? भाजली की होते. मडकं? भाजलं की होतं. सिमेंट तेवढं निराळ्या आईचं?"

"निराळंच आहे. ते वाळून घट्ट होत नाही. पाणी आत ओढून घेतं आणि त्यानेच आतून धरतं. पाणी उडून गेलं की धरणं थांबतं. वरून कडक वाटतं, आतून कच्चंच राहतं."

"तेवीस वर्षं टेकू लावतोय मी." बापाने एकेक बोट चोळून धुतलं. "हातोडी मारतो, कान लावतो. कळतं मला. तुमच्या सरांनी आयुष्यात एक पाचर ठोकली आहे का?"

सरांनी खरोखरच ठोकली नव्हती. सर भिंतीवर चित्रं दाखवून बांधकाम शिकवत. एकदा चित्र उलटं लागलं होतं, छत खाली आणि पाया वर, आणि सर तसंच शिकवत राहिले होते. पण सगळं काही सरांकडून येत नाही. पुस्तकात एक ओळ होती, परीक्षेला कधी न येणारी. टेकू कधी काढायचे हे ठरवायचं असेल तर काही ठोकळे स्लॅबच्या शेजारीच ठेवावेत, स्लॅबला जे मिळतं तेच त्यांना द्यावं, आणि मग ते तपासावेत. पोरीने ती ओळ बापाला वाचून दाखवली नाही. बाप वीट आणि मडक्यावर खूश होता आणि तिला त्याचा राग आला होता. अडाणी, असं ती मनात म्हणाली. आईच्या हातांकडे तिने पाहायचं टाळलं.

पाचव्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधी तिने ड्रममधून तीन ठोकळे काढले, घमेल्यात घातले आणि एकेक करून शिडीने वर नेले. स्लॅबच्या मधोमध कोरड्या वाफ्यात ठेवले. प्रत्येकावर खडूने खूण केली. तीन ठोकळे उन्हात बसले आणि सहा पाण्यात राहिले.

सातव्या दिवशी पाण्यातले तीन प्रयोगशाळेत गेले आणि पास होऊन आले. साहेबांनी कागद टेबलावर आपटला.

"बघ, मिस्त्री. पास. तुझ्या स्लॅबला कोणी बोट लावणार नाही."

बापाची छाती फुगली. स्लॅब त्याच्या टेकूंवर उभा होता. मधली तुळई सात मीटर लांबीची होती, एवढी लांब तुळई त्याच्या हातून पहिल्यांदाच होत होती. घरी आल्यावर त्याने पोरीला चिडवलं.

"आतून कच्चं आहे म्हणे! पास झालं बघ."

"ड्रममधलं पास झालं, बाबा."

"एकाच मालाचं आहे ना?"

"एकाच आईची दोन लेकरं. एकाला जेवायला घातलं, एकाला नाही. सारखी वाढतील?"

 आईने मान वर केली.

"हे तुला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ती स्लॅबबद्दल बोलत नव्हती. पोरीचे कान लाल झाले.

नवव्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं. दुसऱ्या साइटवर प्लेटा आणि टेकू हवे होते. परवा, म्हणजे अकराव्या दिवशी, गोदामाचे टेकू काढायचे. तुळईखालचेसुद्धा.

पोरगी वही घेऊन ऑफिसात गेली. साहेब पंख्याखाली कलिंगड खात होते.

"सर, सात मीटरच्या तुळईखाली एकवीस दिवस टेकू ठेवावे लागतात. तेही पाणी नीट मिळालं असेल तर."

"कोण म्हणतं?"

"पुस्तक."

"पुस्तकाला म्हणावं, ये आणि प्लेटा आणून दे." साहेबांनी बी थुंकली. "रजिस्टर वाचलंस? रोज पाणी भरलंय. ठोकळे पास आहेत. आणखी काय हवं?"

"रजिस्टर खोटं आहे, सर."

साहेबांनी फोड खाली ठेवली. रुमालाने तोंड पुसलं, मग एकेक बोट.

"हे बघ. परवा तुमचे कॉलेजचे सर येतायत, तोंडी परीक्षा घ्यायला. तुझं प्रमाणपत्र या खणात आहे. सही राहिलीय फक्त. तुझा बाप चांगला कारागीर आहे, गप्प राहून काम करतो. तू त्याच्यावर जा. आणि जाताना चहा सांग."

तिने चहा सांगितला. नंतर टाकीमागे जाऊन उभी राहिली. चहा सांगितल्याची तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने बापाला टाकीमागे बोलावलं. जमिनीवर दोन ठोकळे ठेवले होते. एक ओला, ड्रममधला. दुसरा खडूची खूण असलेला, स्लॅबवरचा. बाजूला मोठा घण.

"हे काय?"

"फोडा."

"वेड लागलं काय? साहेबांना कळलं तर?"

"तुमचा कान चांगला आहे ना? मग फोडा. मी काही बोलत नाही."

बापाने हातावर थुंकून घण उचलला. ओल्या ठोकळ्यावर पहिला घाव बसला तेव्हा खणकन आवाज झाला आणि घण उसळून आला. दुसरा, तिसरा, चौथा. सहाव्या घावाला कोपरा उडाला. नवव्याला ठोकळा दुभंगला. बापाच्या कपाळावरून घाम निथळला, पण चेहऱ्यावर समाधान होतं. स्वतःच्याच मालाशी कुस्ती खेळल्यासारखं.

"असा असतो माल," तो म्हणाला.

मग त्याने खुणेच्या ठोकळ्यावर घण घातला. आवाज भद्द आला. बाप थांबला. त्याने पोरीकडे पाहिलं. दुसरा घाव घातला. तिसऱ्याला ठोकळ्याचे चार तुकडे झाले.

"हा आधीच चिरलेला होता."

 पोरीने मागच्या घमेल्यातून खुणेचा आणखी एक ठोकळा काढून पुढे सरकवला. तो चौथ्या घावाला गेला. बाप खाली बसला. त्याने एक तुकडा उचलून कडेवर अंगठा घासला. पिठासारखी राखाडी भुकटी अंगठ्याला लागली. त्याने अंगठा हुंगलासुद्धा, जणू वासाने काही निराळं कळेल.

"हा वरचा?"

"मधल्या तुळईवरचा. तुम्ही उद्या त्याच्याखाली उभे राहणार."

दूर बायका जेवत होत्या, डब्यांचे आवाज येत होते. बाप तुकडा हातात फिरवत होता.

"साहेबाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"ड्रममधले पास झाले म्हणाला."

"मग गोदाम ड्रमात बांधायचं होतं." बापाने तुकडा फेकला. "मी नाही म्हटलं तर तो दुसरी टोळी आणेल. त्यांना हे काही माहीत नसेल. माझ्यासारखेच येतील, हातोडी मारतील, कान लावतील."

स्वतःबद्दल असं बोलताना तिने बापाला कधी ऐकलं नव्हतं. तिने फेकलेला तुकडा उचलून परत घमेल्यात ठेवला.

"तुझी सही आहे ना त्याच्याकडे?" त्याने विचारलं.

"आहे."

"हं," बाप म्हणाला, आणि घण खांद्यावर टाकून गेला.

अकराव्या दिवशी सर आले. इस्त्रीचा शर्ट, नवे कोरे बूट, हातात रुमाल. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी सूर्याकडे असं पाहिलं की जणू त्याचाही अर्ज नामंजूर करायचा होता. ऑफिसातली वीज गेलेली होती.

"सावली कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"गोदामात चला," साहेब म्हणाले. "एकदम थंड."

स्लॅबखाली टेकूंच्या रानात दोन खुर्च्या मांडल्या गेल्या, बरोबर मधल्या तुळईखाली. समोर पोरगी उभी राहिली. बाप आणि त्याचे दोघे गडी टेकू सैल करायच्या पाचरींजवळ थांबले होते. बायका दारातून पाहत होत्या.

सरांनी वही चाळली. "अक्षर ठीक. समासाला रेघ मारलेली नाही. ठोकळे का बनवतात, सांग."

"माल कसा झाला ते कळावं म्हणून."

"बरोबर."

"पण स्लॅब कसा झाला ते ड्रममधल्या ठोकळ्यांवरून कळत नाही, सर. स्लॅबला नऊ दिवस पाणी नाही. मी तीन ठोकळे वर ठेवले होते. त्यातले दोन फोडले. तीन-चार घावांत गेले. आज हे टेकू काढू नयेत."

साहेब हसले. "सर, ही जरा भावनाप्रधान आहे. रजिस्टर बघा. अहवाल बघा."

सरांनी रजिस्टर पाहिलं, अहवाल पाहिला. दोन्ही कागद स्वच्छ होते. सरांना स्वच्छ कागद आवडत. वर छताकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नोंदी व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. "विद्यार्थ्याने परवानगीशिवाय नमुने हलवले, ही चूक तिची. घणाने फोडणे ही चाचणी मान्य नाही. माझ्या मते टेकू काढायला हरकत नाही."

"ऐकलंस?" साहेब पोरीला म्हणाले.

"ऐकलं, साहेब," बाप मागून म्हणाला. तो फार अदबीने बोलत होता. "शिकलेली दोन माणसं म्हणतायत, आता आमची काय शंका? तुम्ही बसा. सावली आहे. तुमचं चालू द्या, मी माझं सुरू करतो. गडी मात्र बाहेर काढतो, त्यांना लेकरंबाळं आहेत. ए, जा रे बाहेर. मॅनेजर, तूही जा."

गडी बाहेर गेले. पोरगी हलली नाही.

"अरे, आत्ता नको," साहेब म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

"परीक्षाच आहे, साहेब. पास आहे म्हणालात ना?"

बापाने घण उचलला, नीट पवित्रा घेतला आणि हाणला. धाड्! घण पाचरीवर पडला नव्हता. टेकूच्या बुंध्याशी जी जुनी फळी होती तिच्यावर पडला होता. पोरीला ते दिसलं. सरांना दिसलं नाही. प्लेटेच्या फटीतून मूठभर धूळ सरांच्या इस्त्रीवर सांडली.

सर उठले असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते खुर्चीसकट निघाले. खुर्चीचा हात त्यांच्या खिशात अडकला होता. दोन टेकूंमध्ये खुर्ची अडली तेव्हा खिसा फाटला आणि सर मोकळे झाले. साहेब त्यांच्याही पुढे होते. साइट ओळखीची असल्यामुळे त्यांना जवळची वाट माहीत होती. दारात उभ्या बायकांनी वेळेवर अंग चोरलं, नाहीतर मावशी पायाखाली आली असती.

बाहेर उन्हात दोघे धापा टाकत उभे राहिले.  मग मावशी हसली. तिच्या मागे दुसरी, मग गडी, मग चाळीस माणसं. गोदामात बाप घणावर रेलून उभा होता आणि बाजूला पोरगी.

"काय झालं, साहेब?" बापाने आतून विचारलं. "पास झालंय ना?"

सरांनी घाम पुसला. फाटका खिसा तळहाताने झाकला. मग त्यांनी पोरीची वही मागवली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तपासणीच्या पानावर लिहिलं, 'तुळईचे टेकू एकवीस दिवस ठेवावेत. पाणी नियमित द्यावे.' खाली सही, तारीख. पुस्तकातली ओळ त्यांना पाठ होती. ती बाहेर यायला मूठभर धूळ पुरली.

"आणि माझे गुण, सर?" पोरीने विचारलं.

सरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब ऑफिसात गेले, खण उघडला, प्रमाणपत्र घेऊन आले आणि सहीच्या जागी लिहिलं, 'वर्तन असमाधानकारक. नमुन्यांची हेळसांड.' सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि न फाटलेल्या खिशात ठेवलं.

"पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा प्रशिक्षण कर," ते म्हणाले. "एक वर्ष म्हणजे काही फार नाही."

गाडी निघून गेली.

बाप बाहेर आला तेव्हा पोरगी मातीत बसली होती. तिने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं. ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटले होते. आईने आपल्या वाट्याच्या पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला.

"तू पी," पोरगी म्हणाली.

"मी प्यायलेय."

ती प्यायली नव्हती, पोरीला ते माहीत होतं. तिने अर्धा पेला घेतला. उरलेलं पाणी आईच्या बेचक्यांवर हळूहळू ओतलं, एकेका बोटावर. आईने हात मागे घेतला नाही.

"वर्ष गेलं तुझं," बाप म्हणाला.

"गेलं."

"ते स्लॅब पाणी पितो म्हणालीस, ते पुन्हा एकदा नीट सांग. गड्यांनाही बोलव. मलाही पूर्ण कळलेलं नाही."

तिने सांगितलं. फुटलेले तुकडे घेऊन, त्यांच्या कडा त्यांच्याच अंगठ्यांनी घासायला लावून. एका गड्याने तीनदा विचारलं, तिने तीनदा सांगितलं.

सरांचं पान वहीत होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून टँकर दोन यायला लागले. पाणी आधी माणसांना, मग स्लॅबला, असं बायकांनीच ठरवलं आणि मुकादम बाजूला झाला. टेकू एकवीस नाही, कोरडे गेलेले दिवस धरून तीस दिवस ठेवायचे, असं पोरीने सांगितलं आणि बापाने प्लेटांवर खडूने तारीख लिहिली. ती रोज घमेल्याने वाफे भरायला यायची. प्रशिक्षण संपलेलं होतं, कोणी बोलावलं नव्हतं.

दुपारी सगळे त्या स्लॅबखाली जेवायला बसायचे, टेकूंना पाठ टेकून. थंडगार सावली होती आणि टेकू जागच्या जागी होते, त्यामुळे भीती कसलीच नव्हती. हे साहेबांनाही कोणीतरी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण गोदामाच्या त्या टोकाला काम निघालं की ते आतून जात नसत. भर उन्हात, डोक्यावर फाइल धरून, भिंतीच्या कडेकडेने सगळ्या इमारतीला वळसा घालून जात. आत जेवणारे हात थांबवून त्यांच्या डोक्यावरची फाइल कितव्या खिडकीपुढे आली ते मोजायचे, आणि ते पलीकडच्या दारात पोचले की मावशी तोंडातला घास गिळून म्हणायची, "पास."